सोंडेवरचा जावई

गोळी काही केल्या आवळत नव्हती... कणकेत पाणी जास्त झालं होतं की मळताना लक्ष नव्हतं कुणास ठाऊक, पण अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ती नुसती चपटी होत होती, चिरत होती, पुन्हा एकजीव होत होती, आणि नंदीश तिच्याकडे असा निरखून पाहत होता की आजच्या दिवसाचं सगळं काम म्हणजे ही हरभऱ्याएवढी पिवळसर गोळी गळाच्या टोकावर नीट बसवणं, एवढंच. तेवढंच असतं तर आणखी काय हवं होतं! गोळी बसली असती, दोर पाण्यात पडला असता, संध्याकाळ झाली असती, आणि टेंभुर्णीहून सोलापूरची एस.टी. पकडून तो घरी गेला असता — जसा इतकी वर्षं जात आला.

"माशालाबी सोवळ्यातलं खाऊ घालता की, पाव्हणं," शेजारून आबासाहेब म्हणाले.

हा विनोद सासरेबुवा दर महिन्याला करत आणि नंदीश दर महिन्याला हसत असे. आजही हसला. त्यांच्या डब्यात ओल्या मातीत गांडुळं वळवळत होती. त्यांना हात लावणं त्याला कधी जमलं नाही. गळ्यात लिंग असलेल्या घरातला मुलगा उजनी धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकून बसतो, हेच मुळात पुष्कळ होतं. लिंगाची चांदीची डबी तो बनियनच्या आत सरकवून ठेवी. मासा लागला तर ओल्या हाताने गळ सोडवून तो मामांच्या — सासऱ्यांना तो मामाच म्हणे — पिशवीत टाकी, लहान असला तर पुन्हा पाण्यात. खाण्याचा प्रश्नच नव्हता.

मामा, त्याने मनात म्हटलं. मामा, एक सांगायचं होतं.

वाक्य तसं लहान होतं. मंगळवारी पुण्याच्या कोर्टात शेवटची तारीख आहे. त्या दिवशी ऋतुजाची आणि माझी सही झाली की मी तुमचा जावई राहणार नाही. बस्स. मोहोळपर्यंत त्याने ते पाठ केलं होतं, मोडनिंबच्या आसपास त्यातला 'जावई' हा शब्द काढून टाकला होता, आणि टेंभुर्णीच्या स्टँडवर मामा जुन्या मोटारसायकलवर पाय टेकून उभे दिसले तेव्हा अख्खं वाक्यच कुठेतरी मागे राहिलं. सत्तरीचा माणूस, ताजी दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा — जावई यायचा म्हणून. मुलीची बँकेत बदली होऊन ती पुण्याला गेली आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि गावात ते सगळ्यांना तेच सांगत असत, जरा मान ताठ करून.

"तूच सांग," ऋतुजा फोनवर म्हणाली होती. "तुझं ऐकतात ते."

आणि त्याला — लाज वाटावी अशी गोष्ट — क्षणभर बरं वाटलं होतं.

ही लांब सोंड. जमिनीचा जो निमुळता भाग पाण्यात शिरतो त्याला मामा सोंड म्हणत, आणि ही सोंड पाण्यात शिरताना घाई करत नसे. हरभऱ्याचं रान संपतं, मग मुरमाड पट्टा, मग घोटाभर पाणी, गुडघाभर, कंबरभर, आणि पाण्याखालून ती तशीच उतरत उतरत कितीतरी लांब जाते, तिचा शेवट कुणी पाहिलेला नाही. "लांब सोंडंवर मासा राहत न्हाय," मामांनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. "सकाळचं आन् संध्याकाळचं चरायला वर येतो, ऊन तापलं की आल्या वाटंनं खाली. आपुन त्येच्या वाटंवर बसायचं. आलं का ध्यानात?" नंदीशने मान हलवली होती. ध्यानात काहीच आलं नव्हतं. पण एक वडीलधारा माणूस आपल्याला मुद्दाम काहीतरी समजावून सांगतो आहे, आणि समजलं नाही तरी रागावत नाही, याचंच त्याला इतकं नवल वाटलं होतं की दोन्ही पाय पाण्यात जाऊन चपला भिजल्या तरी त्याला पत्ता नव्हता.

त्याचे वडील वीरभद्रप्पा सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाचं दुकान चालवत. मुलाशी ते आयुष्यभर गल्ल्याच्या पलीकडूनच बोलले. तागा काढ, तागा ठेव, गिऱ्हाईक बघ. वाईट माणूस नव्हता. फक्त बोलणं त्यांना मापूनच द्यायची सवय झाली होती. ते गेले तेव्हा नंदीश रीतीप्रमाणे रडला, आणि रडता रडता आपण नक्की कशासाठी रडतो आहोत हे शोधत राहिला... आणि हा इथला माणूस! लग्नानंतर पहिल्यांदा जावई घरी आला, तर आबासाहेबांची कोण पंचाईत. कोंबडं कापावं तर हा खात नाही. बाटली काढावी तर हा पीत नाही. सासूबाई ऋतुजाच्या लहानपणीच गेलेल्या, तेव्हा गप्पा मारायलाही घरात कुणी नाही. "मग ह्यांचं करायचं तरी काय गं?" त्यांनी मुलीला आत जाऊन विचारलेलं नंदीशने ओसरीवरून ऐकलं होतं, आणि ऋतुजा हसत म्हणाली होती, "पाण्यावर घेऊन जा की, आबा."

तिनेच पाठवलं. हे आज आठवायला नको होतं.

ऊन चढलं. मामांच्या पिशवीत चार-पाच चिलापी पडल्या होत्या, नंदीशच्या गळाला काही नाही. "उठा," मामा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "आता हितं बसण्यात मजा न्हाय. तुटक्या सोंडंवर जाऊ."

चालताना सांगून टाकावं. चालताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, ते एक बरं असतं. डावीकडे उसाची तोड सुरू होती, बैलगाड्या उभ्या होत्या, आणि मामा पुढे चालताना मागे न बघता म्हणत होते की ऋतुजाला आवडतो तो हिरवा हरभरा काढून ठेवलाय, जाताना घेऊन जा, पुण्याला कुणी जाणारं असंल तर पाठवा. "व्हय," तो म्हणाला. 'हो' नव्हे, 'व्हय'. इथे आलं की त्याची जीभ आपोआप वळे. सोलापुरात आईशी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, शेजारच्या दुकानाशी हिंदी; पण हे 'व्हय' त्याने मामांकडून उचललं होतं आणि ते म्हणताना त्याला आपण कुणाचे तरी आहोत असं वाटे.

तुटकी सोंड आखूड असते. चार पावलं पुढे गेली न गेली तोच जमीन तुटते आणि सरळ कड्यासारखी पाण्यात खाली जाते. पहिल्यांदा इथे आणलं तेव्हा मामांनी दोराला दगड बांधून त्याच्या हातात दिला होता. सोडा, म्हणाले. दोर हातातून सरसर जात राहिला, जात राहिला, नंदीशला भीती वाटली की हा आता संपणारच नाही... "बघितलं? हितं दुपारचा मासा असतो. कड्याला धरून, गार पाण्यात. लांब फेकायची हौस सोडा, पाव्हणं. मासा तुमच्या पायाखाली हाय."

आताही त्याने दोर सरळ पायाशी सोडला. बुचाचा तुकडा पाण्यावर स्थिर झाला.

सांग.

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा... असं काही सांगता येईल का? मामा, सुरुवात तिथून झाली. पण सुरुवात तिथून झाली हे त्याचं त्यालाच आज, या क्षणी, बुचाकडे बघताना कळत होतं, तर मामांना काय सांगणार! आईच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली. दिवसभर सांभाळायला काशम्मा येऊ लागली, पण काशम्माला रविवारी सुट्टी. दुकान रविवारी बंद. बँक रविवारी बंद. महिन्यातून एका रविवारी दोघं मिळून इथे यायची, तो रविवार आला आणि ऋतुजा म्हणाली, "तू जाऊन ये. आबांना बरं वाटेल. मी थांबते आईंजवळ." किती सहज म्हणाली! पुढच्या महिन्यात तिने ते म्हणायचीसुद्धा गरज उरली नाही. सकाळी उठून ती डबा भरू लागली — भाकरी, शेंगांची चटणी, कांदा, मामांसाठी वेगळी दशमी — आणि तो निघू लागला. कुणी कुणावर काही लादलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. आई आतून अर्ध्या ओठांनी विचारी, "होंट्या, मगा?" निघालास का, बाळा? आणि दारात ऋतुजा, हातात डबा.

संध्याकाळी परतला की आधी आधी ती विचारी, "वारा कुठला होता?" चप्पल काढायच्या आत. वारा कुठला होता हे कळलं की कुठल्या सोंडेवर बसला असाल ते तिला न सांगता कळे. पश्चिमेचा असेल तर खडकाळ सोंडेवर, कारण वारा पाणी तिकडे लोटतो, पाण्याबरोबर माशाचं खाणं जातं, आणि खाण्यामागे मासा. तो हरखून सांगत राही. आबांनी असं केलं, आबा असं म्हणाले, मरळ लागली होती पण खडकात शिरली... ती त्याचा शर्ट भिजत घाली. माशाचा वास आईला येऊ नये म्हणून शिकेकाई, लिंबू, काय काय. एकदा ती म्हणाली, खडकाळ सोंडेच्या पोटात एक कपार आहे, मोठी मरळ तिथे असते. आणि त्याने — काय म्हटलं होतं मी? — त्याने हसून म्हटलं होतं, "ते तुझ्या लहानपणी. आता पाणी बदललंय." तिच्या गावचं पाणी तिला समजावून सांगितलं! ती शर्ट पिळत राहिली. त्यानंतर कधीतरी ती वाऱ्याचं विचारायची थांबली. नक्की कधी, ते त्याने पाहिलं नाही. काही चुकतंय असं त्याला वाटलंच नाही. उलट गल्लीत सगळे म्हणत, सासऱ्याला बापासारखं सांभाळणारा जावई बघावा तर नंदीश. ऋतुजाही मान हलवी. नशीबवान बाई.

बूच हललं. त्याने ओढ घेतली, उशीर झाला होता; गळ रिकामा वर आला.

"ध्यान कुटं हाय आज?" मामा म्हणाले.

"इथंच आहे."

"दुकानाचं काय?"

"नाही, मामा. बरं चाललंय."

"मग आईसायबांचं?"

"ती तशीच."

मामांनी त्याच्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ. आता विचारतील, आता विचारतील की ऋतुजाचं काय, आणि विचारलं की सांगून टाकायचं. पण त्यांनी विचारलं नाही. विचारायच्या यादीत तिचा नंबर शेवटीही लागला नाही. नंदीशला हायसं वाटलं, आणि लगेच, त्याच्या खालोखाल, काहीतरी बारीकसं टोचलं.

बाभळीखाली जेवले. हल्ली जादा पैसे घेऊन काशम्मा या रविवारीही येते, डबा तीच भरते. चटणी तिची झणझणीत असते, पण भाकरी दुपारपर्यंत वातड होते. मामा तक्रार न करता चावत होते. "पोरीच्या हातची भाकरी काय औरच असायची," म्हणाले, आणि पाणी प्यायला पाठ फिरवली तोच नंदीशच्या खिशात फोन थरथरला. ऋतुजा. एकच शब्द: सांगितलंस?

तो पडद्यावरच्या त्या शब्दाकडे बघत राहिला. पुण्यातल्या कुठल्या खोलीत बसून तिने तो लिहिला असेल? दिवाळीत तो तिची समजूत घालायला गेला होता ती भाड्याची खोली, खिडकीत तुळस, ओट्यावर एका माणसापुरती भांडी. तिने चहा केला. रडली नाही, ओरडली नाही. काकडी चिरत होती, आणि चिरता चिरता म्हणाली, "सासर माझ्या वाट्याला आलं ते आलंच, नंदीश. त्याचं मला काही नाही, आई माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत. पण माहेरही तुझ्याच वाट्याला गेलं."

त्याला तेव्हा हे नातं तोडून टाकायला काढलेलं बोलणं वाटलं होतं. माहेर म्हणजे काय शेताचा तुकडा आहे, एकाने घेतला की दुसऱ्याला उरत नाही? तो तावातावाने म्हणाला होता, "मी तुझ्या वडिलांसाठी जातो! एकटे आहेत ते!" तिने सुरी खाली ठेवली होती. "माहीत आहे," म्हणाली होती. "म्हणून तर मला भांडता येत नाही."

आणि खरं सांगायचं तर... खरं सांगायचं तर कोर्टाचे कागद आले त्या दिवसापासून रोज रात्री झोप उडते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? ही बाभूळ येते. हे पाणी. मामांचा "उठा, पाव्हणं" असा आवाज. ऋतुजा जाते आहे याचं दुःख मला होतं, होत असणार, पण त्या दुःखाला हात घालायला जावं तर हाताला दरवेळी हा काठच लागतो. आता मला इथे येता येणार नाही. कुठल्या नात्याने यायचं? आबासाहेबांचा मी कोण? आज सांगितलं की मामा उठतील, गळ गुंडाळतील, आणि म्हणतील, बरं, नंदीशराव, टेंभुर्णीपतुर सोडतो. एवढीच भीती. सकाळपासून, खरं तर सहा महिन्यांपासून, एवढीच.

त्याने फोन उलटा करून खिशात ठेवला.

दुपारनंतर वारा सुटला. पश्चिमेचा. पाण्यावर बारीक लाटा उठल्या आणि पलीकडच्या उथळात उभे असलेले रोहित पक्षी एकदम तोंड फिरवून वाऱ्याला सामोरे झाले. मामांचा चेहरा उजळला. "खडकाळ सोंड!" ते म्हणाले, आणि सत्तरीचा माणूस भराभर चालू लागला.

या सोंडेवर माती नाहीच. काळे दगड एकावर एक, पाण्याबाहेर आहेत तसेच पाण्याखाली, मधे कपारी. वारा लाटा आणून त्यांच्यावर आपटतो. मामांचं शिकवणं असं, की नवखा माणूस वाऱ्याला पाठ करून आडोशाला बसतो, कारण तिथे पाणी शांत असतं आणि बूच नीट दिसतं. पण मासा असतो तो लाटा फुटतात त्या बाजूला. तिथे बसायचं तर गळ दगडात अडकणार, दोर तुटणार, त्याची तयारी ठेवायची. नंदीश लाटांच्या बाजूला बसला. डोळ्यांत पाणी उडत होतं. मामांचा गळ दुसऱ्याच फेकीला अडकला. ओढून बघितला, सैल सोडून बघितला, आणि मग धोतर खोचून ते पाण्यात उतरले, मांडीभर पाण्यात वाकून, खांद्यापर्यंत हात घालून दगडांमध्ये चाचपू लागले. त्यांची पाठ नंदीशकडे होती. ओल्या सदऱ्यातून पाठीचे मणके दिसत होते.

"मामा," तो म्हणाला, "ऋतुजा आणि मी वेगळे होतोय. मंगळवारी कोर्टात शेवटची तारीख आहे."

पाठ हलली नाही. हात चाचपतच राहिला. त्याला वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल, पुन्हा म्हणावं लागणार, आणि पुन्हा म्हणायची ताकद आता... तेवढ्यात मामा सरळ झाले. हातात गळ होता. त्याचं वाकडं झालेलं टोक त्यांनी अंगठ्याने तपासलं.

"कवापास्नं?"

"दीड वर्ष होत आलं."

"बदली?"

"तिनं मागून घेतली."

"म्हंजी मी गावभर..." ते थांबले. बाहेर आले, एका दगडावर टेकले. वाकडा गळ मुठीत तसाच होता. "दुसरं कुनी हाय का? तिचं, न्हायतर तुमचं?"

"नाही, मामा. कुणाचंच कुणी नाही."

"पोर न्हाय म्हून?"

"नाही."

"मग?"

या एका शब्दाला वकिलाकडे उत्तर होतं, परस्पर संमती. नंदीशकडे नव्हतं. म्हणजे होतं, नुकतंच, बाभळीखाली हाताशी आलेलं, पण ते या माणसाला कसं सांगायचं? तुमच्यामुळे, मामा. तुमच्या-माझ्यामुळे. ओल्या सदऱ्यात मामा एकाएकी इतके म्हातारे दिसू लागले की नंदीशला वाटलं उठून त्यांचा हात धरावा. त्याने धरला नाही. आता हक्क आहे की नाही हे कळेना.

मग मामांनी घसा खाकरला.

"हट्टी हाय ती. पैल्यापास्नं. तुमच्यासारका मानूस लाभला तर त्येची किंमत न्हाय." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, गार, ओला, जड. "तुमी काय बी मनाला लावून घिऊ नगा. तिचं ती बघंल. तुमी मातर येनं सोडायचं न्हाय. कागदावर काय बी होऊ द्या, तुमी येत जावा. ह्या काठावर तुमच्याबिगर मला कोन हाय?"

हेच. सकाळपासून याच वाक्याची तो आस धरून होता, एस.टी.त, सोंडेवर, बाभळीखाली, दुसरं काही नको, एवढंच कुणी म्हणावं. आणि ते म्हटलं गेलं होतं, पूर्ण, मागितल्याहून जास्त. तो आनंदाची वाट बघत राहिला. आनंद आला नाही.

ती पुण्याला जायच्या आधीची शेवटची दिवाळी. ऋतुजा आली होती, आईजवळ मावशीला ठेवून, हट्टाने दोन दिवस. सकाळी हे दोघं गळ घेऊन निघाले, आणि दुपारी ती मागून एकटीच आली — साडी खोचून, अनवाणी, या दगडांवरून न अडखळता, जणू प्रत्येक दगड तिच्या ओळखीचा. जवळ येऊन उभी राहिली. तिला बसायला जागा हवी होती. दोन माणसांमध्ये, इथे, सपाट दगड एवढासा; एकाने सरकायला हवं होतं. मामा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "तू कशाला उन्हात आलीस? जा, चहा टाक जा." आणि नंदीशने... नंदीशने रिकामा डबा तिच्या हातात दिला. जाताना घेऊन जा, म्हणाला. ती डबा घेऊन गेली. दगडांवरून पुन्हा तशीच, न अडखळता. त्यानंतर ती इथे आलीच नाही. आज कळतंय, मी सरकलो असतो तर...

"मामा, तिला बोलवा," त्याच्या तोंडून निघालं.

"कुनाला?"

"ऋतुजाला. तुम्ही स्वतः फोन करा. इकडं ये म्हणावं, चार दिवस. माझं सोडा."

"ती कशाला येतीय?" मामा खरोखरच चकित झाले होते. "तिला ह्या पान्याचं कदी कवतिक हुतं?"

ते खोटं बोलत नव्हते. ते विसरले होते. सोलापुरात कॉलेजच्या कँटीनमध्ये, टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून एका मुलीने एका कापडवाल्याच्या मुलाला दाखवलं होतं — ही लांब, ही तुटकी, ही खडकाळ, वारा इकडून आला तर मासा कुठे असेल, सांग? — आणि तो टेबलाकडे न बघता तिच्याकडे बघत होता, म्हणून त्याला काहीच सांगता आलं नव्हतं. हे सगळं तिच्याकडून आलं होतं. तिला ते हात धरून शिकवणारा माणूस समोर बसला होता, आणि त्याला ती आठवत नव्हती. तिच्या जागी त्याला नंदीश आठवत होता. एकदाही तिच्याविरुद्ध वावगा शब्द न काढता, भांडण न करता, नुसतं दर महिन्याला येऊन, चांगलं वागून, नंदीशने एका बापाला त्याची मुलगी विसरायला लावली होती.

त्याला मामांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि इतका की गुडघ्यावरचा तो हात झटकून टाकावा असं वाटलं. असं कसं विसरता? तुमची पोर आहे ती! एकटीच्या भांड्यात शिजवून खाते ती तिकडे, आणि तुम्ही मला म्हणता येत जा! पण हात गुडघ्यावरच राहिला, आणि तो हात त्याला अजूनही हवा होता, हे सगळ्यात वाईट होतं.

मामा उठले. वाकडा गळ दगडावर ठोकून सरळ करू लागले. "चैतात पानी उतरलं की," ठोकता ठोकता, घोगऱ्या आवाजात, जणू मघाचं बोलणं झालंच नाही, "तुमाला बुडालेली सोंड दावतो. ती वरनं दिसतच न्हाय. तिच्यावर मी अजून कुनालाच नेलं न्हाय. येताल न्हवं?"

नंदीशने हो म्हटलं नाही. नाहीही म्हणवेना. वारा तोंडावर येत होता आणि पोटातून, अगदी खालून, ऋतुजाची आठवण वर येत होती — काठाची नव्हे, बाभळीची नव्हे, तिची, दगडांवरून परत जाणाऱ्या तिच्या अनवाणी पावलांची — आणि ती इतकी दुखत होती की त्याला वाकून बसावं लागलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच पुरता तिच्या बाजूने होता. आणि हे तिला नवरा म्हणून सांगायला मंगळवारपर्यंतचाच वेळ होता.